जुन्या खुर्चीसाठी गादी शिवताय? या चुका टाळा

पिढ्यान् पिढ्या घरात असलेल्या खुर्चीला गादी करायचं ठरलं की बहुतेक जण आधी कापड निवडायला निघतात. पुढच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. कापडाचं शेवटी बघू. आधी खुर्ची उलटी करा आणि खालून नीट पाहा.

बैठकीच्या चौकटीत सारख्या अंतरावर बारीक, आरपार भोकं दिसली तर तिथं वेत विणलेला होता. अशा बैठकीवर सुटी, पातळ गादी शोभते. चौकटीच्या कडेला खिळ्यांच्या खुणा दाटीवाटीनं असतील, तर कापड चौकटीवरच ठोकलेलं होतं आणि सुटी गादी ही नंतरची सोय ठरेल. एखाद्या जुन्या खिळ्याखाली मूळ कापडाची चिंधी अडकलेली सापडते. ती अजिबात टाकू नका. उजेडापासून झाकलेली राहिल्यामुळे खरा रंग तिथंच टिकलेला असतो.

वेत सैल पडला असेल तर तो झाकायला गादी करू नये. वजनानं तो आणखी खचेल. धागे तुटलेले नसतील तर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं बैठक खालच्या बाजूनं ओली करा आणि रात्रभर वाळू द्या. वाळताना वेत आखडतो आणि पुष्कळदा पुन्हा ताठ होतो. पूर्ण वाळेपर्यंत कुणालाही बसू देऊ नका. तुटलेला वेत मात्र आधी विणूनच घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जाड फोम. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये लागला आणि मऊ फोम फर्निचरमध्ये रुळला तो १९५० च्या दशकात. त्याआधी गादीत घोड्याचे केस, कापूस, लोकर, पिसं किंवा शेवरीचा कापूस असे. फोमच्या कडा चौकोनी, करकरीत दिसतात आणि खुर्चीचा सारा तोल बिघडतो. शिवाय काही वर्षांनी फोमचा भुगा होतो किंवा तो चिकट पडतो. माझ्या मते सुट्या गादीसाठी चांगला पिंजलेला कापूस बहुतेक ठिकाणी पुरतो. स्प्रिंगसारखी उसळी हवी असेल तर कुरळे केलेले घोड्याचे केस त्याहून सरस, वर कापसाचा पातळ थर द्यायचा. फोम वापरणं भागच असेल तर तो पातळ घ्या, कडा तिरप्या कापा आणि सगळीकडून कापसात गुंडाळा.

कापूस बसतो, त्याच्या गुठळ्या होतात, ही तक्रार रास्त आहे. पण तो दोष बहुधा टाक्यांचा असतो. दाभणानं वरून खाली आरपार टाके घालून गाठी मारल्याशिवाय भरण जागेवर राहत नाही. हे टाके आतल्या साध्या खोळीवर घाला, म्हणजे बाहेरचा अभ्रा काढून धुता येईल.

उंचीही मोजा. जमिनीपासून दाबलेल्या गादीच्या माथ्यापर्यंत साधारण १७ ते १८ इंच बसायला बरे पडतात. वर खुर्चीच्या हातांची उंचीही बघायची आहेच. गादी जाड झाली की खुर्चीचे हात मांडीला येतात आणि पाय लोंबकळतात.

माप पट्टीनं घेऊन चालत नाही. हातानं घडवलेली खुर्ची क्वचितच काटकोनात असते, डावी-उजवी बाजू सारखी नसते. कागद बैठकीवर पसरा, कडेनं आकार आखा, मागच्या खांबांसाठी खाचा कापा, ‘पुढे’ आणि ‘वर’ लिहा. मगच शिवणीची माया धरून कापड बेता. आतली गादी अभ्र्यापेक्षा प्रत्येक बाजूनं अर्धा इंच मोठी ठेवली की कोपरे रिकामे, सुरकुतलेले राहत नाहीत. कोपरे कानासारखे उभे राहत असतील तर शिवण टोकाशी किंचित गोल घ्या.

सुती कापड आणि गोटाची दोरी (अभ्र्याच्या कडेच्या गोटात भरतात ती) दोन्ही आधी धुऊन आटवा. दोरी राहिली तर पहिल्या धुण्यात कड चुरगळते आणि नंतर इस्त्रीनं काही होत नाही. ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का तेही बघा. मखमलीची लव मागून पुढे झुकलेली हवी. नक्षी असेल तर मोठं फूल बैठकीच्या मध्यावर आणा. जुन्या मागांवरचं रेशीम बरंच अरुंद, बहुधा वीस-एकवीस इंचांचं असे, त्यामुळे रुंद बैठकीवर जोड दिसला तर तो त्या काळाला धरूनच आहे.

अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातल्या खुर्चीच्या गादीला झिप किंवा वेलक्रो लावू नका. मागची कड हातानं, लपत्या टाक्यांनी बंद करा. धुताना उसवून पुन्हा शिवायला फार वेळ लागत नाही.

गादी घसरते म्हणून खाली रबराची किंवा प्लॅस्टिकची जाळी घालतात. कृपा करून घालू नका. त्यातली रसायनं पॉलिशला चिकटतात, लाकडावर पडलेले डाग निघत नाहीत. चौकटीत खिळाही ठोकू नका. मागच्या दोन कोपऱ्यांना कापडी बंद शिवा आणि खांबांभोवती सैलसर गाठ मारा. घट्ट बांधलेला बंद पॉलिश घासतो. तरीही गादी पुढे सरकत असेल तर खालच्या बाजूला गुळगुळीत कापडाऐवजी जाडंभरडं सुती कापड लावून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं ती जागेवर राहते.