खचलेला सुपरहिरो पडद्यावर आणायचाय? आधी त्याचं दुखणं कामाला लावा

कॉमिक वाचून झालं की "याचा पिक्चर व्हायलाच पाहिजे" असं वाटणारे भरपूर असतात, त्यातले थोडे खरंच लॅपटॉप उघडून लिहायला बसतात, हे त्यांच्यासाठी. हिरो साधा, हसतमुख, दिसेल त्याला वाचवणारा असेल तर काम त्यामानाने सोपं असतं, पण जो दारूत बुडालाय, ज्याला स्वतःच्याच रागाची भीती वाटते, ज्याच्या डोळ्यादेखत आपलीच माणसं गेलीत असा हिरो घेतला की गाडी अडकते, आणि ती पैशापायी किंवा व्हीएफएक्सपायी अडकत नाही, बहुतेक वेळा लिखाणातच अडकते. यावर उदाहरण म्हणून हल्क (राग आला की अजस्र हिरवा प्राणी होणारा शास्त्रज्ञ) आणि वुल्व्हरिन (हातातून पंजे निघणारा, जखमा झटक्यात भरणारा) हे दोघं घेतो, कारण दोघांवर एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न झालेत त्यामुळे काय चाललं आणि काय नाही हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

पहिलं काम म्हणजे कुठला हिरो ते ठरवा. हसू नका, हल्क म्हटला तरी हल्क एक नाहीये. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बीने तो काढला तेव्हा पहिल्या अंकात करड्या रंगाचा होता, तो करडा छपाईत धड येईना म्हणून हिरवा केला, सुरुवातीला तो रागाने नाही तर रात्र झाली की बदलायचा, आणि ती पहिली मालिका सहा अंकांत बंदसुद्धा पडली. पुढे १९८५ मध्ये बिल मँटलोने बापाच्या मारहाणीची गोष्ट त्यात आणली, मग पीटर डेव्हिडने कितीतरी वर्षं तोच धागा पकडून एका माणसाच्या डोक्यात राहणारे वेगवेगळे हल्क दाखवले. म्हणजे तुमच्यासमोर साठ वर्षांत कितीतरी लेखकांनी लिहिलेले कितीतरी हल्क आहेत आणि सगळे घ्यायला गेलात तर एक ना धड भाराभर चिंध्या. एक लेखक, एक कालखंड, जमलं तर एकच गोष्ट उचला. बाकीचं वाचा, आवडू द्या, पण स्क्रिप्टमध्ये नको.

मग एक कोरा कागद घेऊन फक्त दोन वाक्यं लिहा. याला काय झालंय, आणि त्यामुळे याला आज काय करता येत नाही. पहिलं वाक्य सगळे लिहितात, "लहानपणी बापाने छळलं", "आईवडील डोळ्यासमोर मेले" वगैरे. दुसऱ्या वाक्यावर पिक्चर उभा राहतो. करता न येणारी गोष्ट रोजची असायला हवी, म्हणजे झोप लागत नाही, कुणाला जवळ येऊ देता येत नाही, भांडण समोर आलं तरी पळावं लागतं, असलं काहीतरी जे प्रत्येक सीनमध्ये आडवं येईल. "तो आतून तुटलेला आहे" हे वाक्य लिहून काही होत नाही, कॅमेरा ते शूट करू शकत नाही.

२००८ चा हल्क यासाठी बघा, तो एडवर्ड नॉर्टनवाला. ब्राझीलमध्ये बाटल्या भरायच्या कारखान्यात लपून काम करतोय, मनगटावर नाडीचे ठोके दाखवणारं यंत्र आहे, आकडा वर चढला की संपलं. आता या एका यंत्राने लेखकाचं किती काम केलंय बघा, तो पळतो तेव्हा मागे लागलेल्या सैनिकांचं टेन्शन आहेच पण त्याहून जास्त त्या आकड्याचं आहे, आणि इतक्या वर्षांनी भेटलेल्या प्रेयसीजवळ जातो तेव्हाही तोच आकडा मध्ये येतो आणि दोघांना थांबावं लागतं. कुणी एक शब्द समजावून सांगत नाही तरी शेवटच्या रांगेतल्या पोराला कळतं की या माणसाचं आयुष्य काय झालंय. शिवाय हल्क कसा झाला ही सगळी भानगड सुरुवातीच्या टायटल्समध्येच उरकलीय, जी मला फार आवडते. पण मग शेवटी काय, तर दोन अजस्र प्राणी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एकमेकांना गाड्या फेकून मारतात आणि तो आकडा, ती भीती कुठल्याकुठे. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. दुखणं एका ठिकाणी आणि क्लायमॅक्स दुसऱ्या ठिकाणी असं झालं की प्रेक्षक पडद्याकडे बघत राहतो पण त्याला काही पडलेली नसते.

त्याआधीचा २००३ चा अँग लीचा हल्क उलट आहे. त्याने दुखणं बरोबर पकडलं होतं, बाप, आणि शेवटपर्यंत सोडलंही नाही, कॉमिकच्या चौकटींसारखी स्क्रीन कापून दाखवायचा प्रयोगही धाडसाचा होता. पण नमनाला घडाभर तेल, हल्क दिसायलाच जवळजवळ पाऊण तास लागतो आणि तोवर स्वप्नं, विसरलेल्या आठवणी, बंद दार, पुन्हा स्वप्न, पुन्हा दार असं चाललेलं असतं. पहिल्या वीकेंडला अमेरिकेत ६ कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि दुसऱ्या वीकेंडला तो साधारण ७० टक्क्यांनी कोसळला. माझ्या मते तो पिक्चर जितका वाईट म्हणतात तितका नाहीये, वाळवंटात तो लांब लांब उड्या मारत जातो तेव्हा पहिल्यांदाच मोकळा झालेला वाटतो, पण प्रेक्षकाला आधी त्या माणसासोबत काही करायला द्यावं लागतं, नुसतं त्याच्या डोक्यात नेऊन बसवलं की तो कंटाळतो.

आणि २०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये मार्क रफालोला मोजकेच सीन मिळाले तरी लोकांना हा हल्क सगळ्यात जवळचा वाटला. कोलकात्याच्या वस्तीत तो आजारी लोकांना तपासतोय, नताशा ही गुप्तहेर त्याला न्यायला आलीय, अगदी हळू आवाजात बोलणं चालू आहे आणि तो मध्येच टेबलावर हात आपटून ओरडतो, झटक्यात तिचं पिस्तूल त्याच्यावर रोखलेलं असतं, आणि हा लगेच सॉरी म्हणतो, बघायचं होतं तू काय करतेस ते. हल्क आलाच नाही. कॉम्प्युटरवर एक पैसा खर्च न करता हल्क त्या खोलीत आहे. हिरोला त्याच्या दुखण्याबद्दल बोलायला लावू नका, दुसऱ्या कुणाला तरी त्याची भीती वाटू द्या, ही युक्ती शॉर्ट फिल्मवाल्यांनी तर वहीत लिहूनच ठेवावी.

आता वुल्व्हरिन, आणि इथे जरा थांबू कारण रूपांतर म्हणून लोगन (२०१७, लोगन हे वुल्व्हरिनचंच नाव) एवढं शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. बघितला नसेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, शेवट फुटतोय.

हा पिक्चर ढोबळपणे मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हनच्या ओल्ड मॅन लोगन या कॉमिकवरून सुचलेला. त्या कॉमिकमध्ये व्हिलन लोकांनी अमेरिका वाटून घेतलीय, हल्कची पोरंनातवंडं गुंडगिरी करतात, आंधळा झालेला तिरंदाज हिरो हॉकआय वुल्व्हरिनला घेऊन देशभर गाडीने फिरतो, आणि वुल्व्हरिन पंजे काढत नाही कारण मिस्टीरिओ या भास दाखवणाऱ्या व्हिलनने फसवल्यामुळे शत्रू समजून त्याने एक्स-मेन या स्वतःच्याच टोळीतल्या साथीदारांना मारून टाकलेलं असतं. यातलं जवळजवळ काहीच पिक्चरमध्ये नाही. एक तर येऊच शकत नव्हतं, एक्स-मेनचे पडद्यावरचे हक्क फॉक्स स्टुडिओकडे होते, हल्क आणि हॉकआय मार्व्हल स्टुडिओकडे. मग उरलं काय? म्हातारा वुल्व्हरिन, लांबचा रस्ता, आणि "आपल्याच हातून आपली माणसं गेली" ही गाठ. दिग्दर्शक जेम्स मँगोल्ड आणि त्याच्या सोबतच्या लेखकांनी ही गाठ उचलून लोगनऐवजी चार्ल्स झेव्हियरच्या, म्हणजे एक्स-मेनच्या म्हाताऱ्या गुरूच्या, गळ्यात बांधली. जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू, त्याला वयोमानाने झटके यायला लागलेत आणि अशाच एका झटक्यात घात झालाय. लोगनला ते माहीत आहे, चार्ल्सला आठवत नाही, आणि लोगन त्याला औषधं देऊन लपवून ठेवतोय. म्हणजे अपराधाचं ओझं एकाचं, ते वाहणारा दुसरा. प्लॉट बदलला, पात्रं बदलली, दुखणं तेच राहिलं, आणि म्हणूनच वाचणाऱ्यांना तो परका वाटला नाही.

तो जुना प्रसंग आपल्याला कधीच दाखवत नाहीत. फ्लॅशबॅक नाही, रेडिओवरच्या बातमीतून उडत उडत कळतं एवढंच. मग एका शेतकरी कुटुंबाच्या घरी चांगलं जेवण होतं, किती दिवसांनी धड अंथरूण मिळतं, आणि चार्ल्सला ते सगळं आठवतं. पलंगावर पडल्या पडल्या तो लोगनला सांगतो की आजची रात्र फार छान गेली पण माझी लायकी नाही, मी फार भयंकर काहीतरी केलंय. अंधारात समोर उभा असलेला लोगन नसतो, त्याच्याच रक्तापासून बनवलेला एक्स-२४ असतो, आणि तो पंजे खुपसतो. पार्श्वकथा उघड करायची जागा ही अशी हवी, जिथे ती बोलून दाखवायची किंमत त्याच क्षणी मोजावी लागते. आपण काय करतो, तर दुसऱ्याच सीनमध्ये मित्राशी चहा पिता पिता सगळं सांगून मोकळे होतो.

शरीराकडेही बघा. सुरुवातीलाच लोगन भाड्याच्या लिमोझिनमध्ये झोपलाय, चोर चाकं काढतायत, तो उतरतो, मार खातो, आणि पंजे बाहेर येतात त्यातला एक पूर्ण येतच नाही. पुढे वाचायला चष्मा लागतो. जखमा भरायला वेळ लागतो. ज्याची खासियतच लगेच बरं होणं आहे त्याचं तेवढंच काढून घेतलंय. तुमच्या हिरोची ताकद कुठे आहे ते शोधा आणि दुखणं बरोबर तिथेच दाबा, ताकद एकीकडे आणि दुःख दुसरीकडे ठेवलंत तर दोन पिक्चर तयार होतात आणि दोन्ही अर्धे. ऑस्करला पटकथेचं नामांकन मिळालं ते उगाच नाही, सुपरहिरो पिक्चरला रूपांतरित पटकथेसाठी ते पहिल्यांदाच मिळत होतं.

कॉमिकमधल्या चौकोनी डब्यातल्या मजकुराचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. हिरो मनात बोलतो ते वाचताना भारी वाटतं म्हणून लोक ते उचलून व्हॉइसओव्हर करतात आणि मग पिक्चरभर एक खर्जातला आवाज पावसाबद्दल आणि शहरातल्या घाणीबद्दल बोलत राहतो. प्रत्येक डब्याला विचारा, हे न बोलता कुठल्या कृतीतून दिसेल? "मला कुणाची गरज नाही" असं लिहिलं असेल तर त्याला दोन वेळा फोन वाजताना उलटा ठेवायला लावा. कृती सापडलीच नाही तर बहुतेक ते वाक्य गेलं तरी चालतंय. सगळं झाल्यावर एखादंच वाक्य राहत असेल तर ठेवा, तेव्हा ते वजनदार लागेल.

आजाराचं नाव वापरणार असाल तर जरा जपून. दारू, पॅनिक अटॅक, दुभंगलेलं मन ही खऱ्या लोकांची दुखणी आहेत, समोर बसलेल्यांतही असणार. टोनी स्टार्कच्या, म्हणजे चिलखत घालून लढणाऱ्या आयर्न मॅनच्या, दारूवर १९७९ मध्ये सलग कितीतरी अंकांची डीमन इन अ बॉटल ही गोष्ट आली होती, पडद्यावर २०१० मध्ये आयर्न मॅनच्या दुसऱ्या भागात तिची बर्थडे पार्टीतली एक धिंगाण्याची रात्र झाली आणि मुख्य दुखणं म्हणून छातीतल्या यंत्रामुळे रक्तात भिनणारं विष दिलं, जे नवीन मूलद्रव्य बनवल्यावर गेलंसुद्धा, सुंठीवाचून खोकला गेला. कुटुंबाने बघायचा पिक्चर आहे, दारू फार दाखवता येत नाही हे समजतं, पण धार गेली ती गेलीच. त्यापेक्षा २०१३ चा तिसरा भाग प्रामाणिक वाटतो, हॉटेलात एक लहान मूल चित्रावर सही मागतं, अ‍ॅव्हेंजर्समधल्या न्यूयॉर्कच्या लढाईचा विषय निघतो आणि टोनी उठून बाहेर पळतो, चिलखतात घुसून आपलं हृदय तपास, मेंदू तपास म्हणतो, त्याला वाटतं विषबाधा झालीय, आणि मशीन सांगतं की हा अँग्झायटी अटॅक आहे. चिलखत आहे आणि तरी उपयोग नाही. डॉक्टरचं भाषण नाही, गोळी घेऊन बरा झाला असंही नाही. आणि एक, मनोरुग्ण म्हणजे व्हिलन हा शॉर्टकट प्लीज नको, फार झाला.

व्हिलनवर मी जास्त बोलत नाही. हिरोचं दुखणं ज्याला माहीत आहे किंवा ज्याच्या अंगात तेच दुखणं दुसऱ्या रूपात आहे असा असला की पुरतो. आकाशातून निळा प्रकाश सोडणारा नको.

लिहायच्या आधी वयोगटही ठरवा, कारण त्यावर निम्मे सीन अवलंबून असतात. लोगनने अमेरिकेत सरळ आर रेटिंग (मोठ्यांसाठीचं) घेतलं म्हणून तो रक्त आणि थकवा दोन्ही दाखवू शकला. आपल्याकडे आता यूए (पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचं) प्रमाणपत्रामध्येही ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, त्यामुळे पूर्वीपेक्षा मधल्या जागा जास्त आहेत, पण तुमचा हिरो दारूडा असेल आणि तुम्हाला ७+ हवं असेल तर दोन्ही होणार नाही, आजच ठरवा.

हक्कांचं तर स्पष्टच आहे. मार्व्हल-डीसी या कॉमिक कंपन्यांच्या पात्रावर सरावासाठी स्क्रिप्ट लिहा, मित्रांना वाचायला द्या, हात बसायला यापेक्षा चांगली पद्धत नाही, पण ती विकता येणार नाही आणि शूट करून त्यावर पैसेही कमावता येणार नाहीत. सराव झाला की तो दोन वाक्यांचा कागद परत काढा, पात्राचं नाव, पोशाख, ताकद सगळं खोडा आणि फक्त दुखणं ठेवून त्यावर स्वतःचा हिरो बांधा, डोंबिवलीचा असो की सावंतवाडीचा. ही स्क्रिप्ट मात्र कुणालाही पाठवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करून घ्या, ऑनलाइन होतं. आणि वाचायला पहिल्यांदा कॉमिकवाल्या मित्राला देऊ नका, तो गाळलेल्या जागा मनातच भरून घेतो, ज्याने आयुष्यात एकही कॉमिक उघडलं नाही अशा माणसाला द्या आणि वाचून झाल्यावर एवढंच विचारा, याला कशाची भीती वाटते आणि हे तुला कुठल्या पानावर कळलं. पान विसाव्याच्या पुढचं निघालं तर मागे जाऊन सुरुवात कापा.