आकाशदर्शनाच्या वर्गासाठी दुर्बीण घेताना

वीस जणांचा वर्ग असेल तर 'किती पट मोठं दिसतं?' हा प्रश्न बाजूला ठेवा. रांगेतल्या शेवटच्या माणसाला शनी दिसेल का, ते आधी बघा. सगळी खरेदी त्या रांगेच्या हिशोबाने करायची.

खोक्यावर '५२५ पट' छापलेली ६० किंवा ७६ मिमीची दुर्बीण घेऊ नका. मुख्य भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट विवर्धन (किती पट मोठं दिसतं ते) ही वरची मर्यादा. म्हणजे ६० मिमीला १२० पट, तेही हवा शांत असली तर. त्यापुढे चित्र नुसतं मोठं आणि धुरकट होत जातं. शिवाय तिचा ट्रायपॉड इतका लेचापेचा असतो की फोकसच्या चाकाला हात लावताच चंद्र थरथरतो. दुसरा फसवा नमुना म्हणजे ११४ मिमी व्यास, १००० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं) आणि नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर. तिच्या फोकसरमध्ये (फोकस जुळवायच्या भागात) एक जादा भिंग बसवलेलं असतं. ते बहुतेक वेळा सुमार निघतं आणि त्याच्यामुळे आरसे जुळवणंही अवघड होतं.

वर्गासाठी १५० मिमी, एफ/८ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) दोन डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणी घ्या. २०० मिमीच्या एकीपेक्षा या दोन बऱ्या, कारण रांग निम्मी होते. इक्वेटोरियल माऊंटच्या (ध्रुवताऱ्याकडे अक्ष रोखून जुळवायच्या बैठकीच्या) नादाला नवख्या वर्गाने लागू नये. पुण्या-मुंबईहून ध्रुवतारा १८-१९ अंशांवरच असतो, म्हणजे शहरात तो इमारतीआड किंवा धुरळ्यात. तो सापडून माऊंट जुळेपर्यंत वर्गाचा उत्साह संपलेला असतो.

नेत्रिकांमध्ये (डोळा लावायच्या बदलत्या भिंगांमध्ये) मात्र कंजुषी नको. या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी. त्याला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की विवर्धन मिळतं: २५ मिमीने ४८ पट, १० मिमीने १२० पट. साध्या प्लॉसल (नेत्रिकेचा एक प्रचलित प्रकार) नेत्रिकेचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाचा विस्तार, सुमारे ५० अंश, म्हणून १० मिमीमधून आकाशाचा ०.४ अंश तुकडाच दिसतो. साध्या डॉब्सोनियनला मोटर नसते, त्यामुळे ग्रह या कडेपासून त्या कडेपर्यंत पावणेदोन मिनिटांत सरकून जातो. दोन मुलांनी बघितलं की तिसऱ्याला काळोख. २५ मिमीमध्ये हाच वेळ चार मिनिटांच्या वर जातो. म्हणून गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ २५ मिमीतून दाखवा. १० मिमी फक्त शनीची कडी आणि चंद्रावरच्या विवरांसाठी, आणि दर दोन माणसांमागे कोणीतरी नळी सरकवायची. जास्तीचे पैसे असतील तर ६०-७० अंश दृष्टिक्षेत्राची नेत्रिका घ्या, बार्लो (विवर्धन वाढवणारं जोडभिंग) नंतर. १० मिमी प्लॉसलला डोळा अगदी भिंगाला टेकवावा लागतो, त्यामुळे चष्मेवाल्यांची पंचाईत होते. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर नाही.

कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका या दुर्बिणीत पुऱ्या मावत नाहीत. त्यासाठी १०x५० च्या (१० पट, ५० मिमी भिंगांच्या) चार बायनॉक्युलर ठेवा, झूमवाल्या नकोत. रांगेत थांबलेले लोकही त्यामुळे कामाला लागतात.

घाटरस्त्याने गाडीतून नेलेल्या न्यूटोनियनचे (डॉब्सोनियनसारख्या आरशांच्या दुर्बिणीचे) आरसे हललेले असतात. कॉलिमेशन कॅप (आरसे जुळवायचं मधोमध भोक असलेलं टोपण) लावून आधी दुय्यम (नळीच्या तोंडाजवळचा छोटा), मग मुख्य आरसा जुळवा, तोही उजेड असताना. नळी अर्धा तास आधी बाहेर ठेवा. आरसा गरम असला तर ग्रहाची कड उकळल्यासारखी दिसते.

नेत्रिकेला लावायचा सूर्यफिल्टर खोक्यात आला तर फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर खास सौरफिल्म नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवायची, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवायचा.

जून ते सप्टेंबर नेत्रिका आणि बायनॉक्युलर हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरता येतात. मात्र ती कढई स्वयंपाकाला नको, कारण निळ्या रंगात कोबाल्ट असतं.