आधी रडून घ्या, मग रिमोट उचला

पहिल्यांदा सिनेमा पाहताना वही-पेन लांब ठेवा. हातात पेन असलं की डोळे चुकाच शोधतात. संपल्यावर तीनच ओळी लिहा: घसा कुठे दाटला, कंटाळा कुठे आला, हसू कुठे फुटलं. परीक्षणं एवढ्यात नकोत, दुसऱ्याचं मत आपलंच वाटू लागतं.

दोन-तीन दिवसांनी तेवढेच प्रसंग आवाज बंद करून लावा. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) पकडायचं डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या या शाळकरी नायकाचं कुटुंब जागच्या जागी थिजतं. आवाजाविना ते का थिजले हेच कळत नाही, म्हणजे प्रसंगाचा भार आवाजावर आहे. डुक्कर वाहून नेतानाच्या दृश्यात मात्र भिंतीवरच्या चित्रांतले आंबेडकर, सावित्रीबाई आवाजाविनाच बोलतात. पहिल्या वेळी भिंत दिसलीच नाही? बिघडलं नाही, तेव्हा तुम्ही जब्याकडे बघत होता.