मऊ, गरम, तेलकट: प्लास्टिकमधल्या थॅलेटपासून शुक्राणूंना जपायचं कसं?

कंपासपेटीत पांढरं खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी उन्हाळ्याची सुट्टीभर एकमेकांना चिकटून राहिली की काय व्हायचं, आठवतंय? जूनमध्ये पेटी उघडावी तर रबर पट्टीत रुतून बसलेलं. ओढून काढलं की पट्टीवर खड्डा! ते रबर बहुधा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक, नळाच्या पाइपासारखं. त्याला मऊ करायला थॅलेट नावाची तेलकट रसायनं मिसळतात. ती प्लास्टिकला पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे शेजारी जे मिळेल त्यात उतरतात. पट्टीत उतरतात तशी भाजीच्या तेलातही.

डीईएचपी, डीबीपी ही यातली खोडकर मंडळी. वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींच्या कामात ती अडथळा आणतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय. माणसांतही, आतड्याच्या आजारावरच्या ज्या गोळ्यांच्या आवरणात डीबीपी होतं, त्या घेणाऱ्या पुरुषांच्या शुक्राणूंची हालचाल मंदावल्याचं २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. तरी शुक्राणू घटण्याचं सगळं खापर प्लास्टिकवर फोडता येत नाही. तंबाखू, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा), मधुमेह हे रांगेत आहेतच.

बरी गोष्ट ही की थॅलेट शरीरात मुक्काम ठोकत नाहीत. एक-दोन दिवसांत बहुतेक लघवीवाटे निघून जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, प्लास्टिकचा संपर्क टाळलेलं अन्न दिलं, तर लघवीतले डीईएचपीचे अंश निम्म्याहून खाली आले. म्हणजे रोजची भर थांबवली की काम झालं.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. सगळं प्लास्टिक फेकायला निघू नका, दोन दिवसांत वैतागाल. मऊ, गरम, तेलकट हे तिन्ही जिथे एकत्र येतात तेवढंच हेरा. मिसळीची तर्री उकळती असतानाच पातळ पिशवीत ओतून, गाठ मारून मिळते ना, ती पहिली बंद करा. ती पिशवी कशाची, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. स्टीलचा डबा घेऊन जा. दुकानदार हसेल, पण भरून देईल. चहाच्या पार्सललाही हाच नियम. वडापाव वर्तमानपत्रात नको. छपाईच्या शाईपायी अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी बंदीच आहे. लोणचं बरणीत, तेल स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक अजिबात नको, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात ३ आकडा दिसला तर ते पीव्हीसी. १ आकड्याच्या पाण्याच्या बाटलीला लोक उगाच घाबरतात. तिच्या पॉलिएथिलीन टेरेथॅलेट या नावात ‘थॅलेट’ असलं तरी ते हे थॅलेट नव्हे. दुधाची पिशवीही पॉलिथीनची, जातीचीच मऊ, तिला थॅलेट लागत नाहीत.

मग बाकीचं घर. नव्या रेक्झिनचा किंवा रेनकोटचा वास जाईपर्यंत वस्तू गॅलरीत टांगा. थॅलेट धुळीतही बसतात, म्हणून कोरड्या झाडूपेक्षा ओलं फडकं बरं. डिओ, अत्तर, उदबत्तीत सुगंध टिकवायला डीईपी हे थॅलेट वापरतात. त्याच्याविरुद्धचा पुरावा तुलनेनं कमी आहे, तरी बंद खोलीत धूर कोंडू नका.

घरात कुणी गरोदर असेल तर हे सगळं तिच्यासाठी जास्त काटेकोरपणे करा. मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात ठरते, आणि त्या वेळचा बिघाड नंतर भरून निघत नाही.

सलाइनची पीव्हीसीची पिशवी किंवा चालू गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने नाकारू नका. डॉक्टरांना विचारून पर्याय मिळू शकतो.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर डबे बदलत बसण्याआधी वीर्यतपासणी करा. आधी २ ते ७ दिवस संयम, नमुना लॅबच्याच डबीत, तासाभराच्या आत पोचता. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणूंची आहे. आकडा कमी आला तर एकाच तपासणीवरून उपचार सुरू करू नका, आधी फेरतपासणी करा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात म्हणून ती साधारण तीन महिन्यांनी. पुढच्याच आठवड्यात नको.