डिस्चार्ज बुकात किंवा पीपीओत हुद्दा चुकलाय? दुरुस्तीचा अर्ज करताना या चुका टाळा

हवालदार म्हणून घरी आलेल्या सैनिकाच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) त्याखालचा ‘नायक’ हुद्दा छापला गेला, तर प्रश्न फक्त मानाचा राहत नाही. वन रँक वन पेन्शनचे (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) तक्ते हुद्दा, ग्रुप (ट्रेडनुसार वेतनाचा गट) आणि सेवेची वर्षं यांवर बेतलेले आहेत. १ जुलै २०१४ पासून ही योजना लागू झाली, पुढे २०१९ आणि २०२४ च्या १ जुलैपासून आकडे सुधारले. हुद्द्याची नोंद चुकीची असेल तर प्रत्येक सुधारणेत कमी रक्कमच पुढे सरकते आणि पुढे पत्नीच्या फॅमिली पेन्शनलाही तोच फटका बसतो. म्हणून हे काम टाळू नये. पण बरेच अर्ज परत येतात, आणि त्याचं कारण बहुधा अर्जातच असतं.

जी चूकच नाही, तिच्या दुरुस्तीचा अर्ज

सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. एमएसीपीमध्ये (बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी वेतन वाढवणाऱ्या योजनेत) ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरच्या हुद्द्याचं वेतन मिळतं, हुद्दा मिळत नाही. नायब सुभेदाराचं वेतन घेत हवालदार म्हणून निवृत्त झालेल्याच्या कागदावर ‘हवालदार’ असणं बरोबरच आहे. तसंच कंपनी हवालदार मेजर, बटालियन हवालदार मेजर, कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार या नेमणुका आहेत. हुद्दा हवालदारच राहतो. रिसाल्यातल्या (रणगाडा दलातल्या) माणसाने आणखी एक पाहावं: दफेदार म्हणजे हवालदार आणि लान्स दफेदार म्हणजे नायक. फौजेबाहेरच्या कारकुनाला हे माहीत नसतं आणि तो लान्स दफेदाराला नायकाच्या एक पायरी खालच्या लान्स नायकाच्या रांगेत बसवू शकतो. तशी गल्लत झाली असेल तर मात्र ती खरी चूक, आणि ती दुरुस्त करून घ्यायलाच हवी.

१ जानेवारी २००६ पूर्वी निवृत्त झालेल्यांसाठी वेगळी गोष्ट आहे. तेव्हा शेवटचा हुद्दा किमान दहा महिने धारण केलेला नसेल, तर पेन्शन खालच्या हुद्द्यावर ठरत असे. त्यामुळे जुन्या पीपीओत शेवटचा हुद्दा आणि पेन्शनसाठीचा हुद्दा वेगळे दिसू शकतात. ती छपाईची चूक नव्हे.

मानद हुद्द्याचंही नीट समजून घ्यावं. डिस्चार्ज बुक भरलं जातं ते सेवामुक्तीच्या वेळी. मानद लेफ्टनंट किंवा कॅप्टन हा हुद्दा २६ जानेवारी वा १५ ऑगस्टला नंतर जाहीर झाला असेल, तर तो त्यात नसणारच. अशा अर्जाला राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत जोडावी लागते. मानद नायब सुभेदार झालेल्या हवालदारांनी पीपीओ खास तपासावा. सहाव्या वेतन आयोगानंतर पेन्शनसाठी त्यांचा हुद्दा नायब सुभेदाराचा धरला जातो, म्हणून ‘मानद’ ही नोंद गळली तर थेट पैसे बुडतात.

आणि ‘मला बढती मिळायला हवी होती’ ही तक्रार दुरुस्तीच्या अर्जात घालू नये. मिळालेल्या हुद्द्याची नोंद चुकणं आणि हुद्दाच न मिळणं, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकाच कागदावर दोन्ही मांडली की पहिलंही अडकतं.

चुकीच्या दारात अर्ज

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करतं, पुढे पाठवतं. हुद्दा बदलण्याचा अधिकार त्याला नाही. बँकेलाही नाही. जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसात असते: मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, तोफखान्याची नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपची खडकीला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला. नौसैनिकांसाठी मानखुर्दचं ब्यूरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रतो पार्कचं रेकॉर्ड ऑफिस.

दुरुस्ती वरून खाली येते. आधी रेकॉर्ड ऑफिस, मग त्याच्या शिफारशीवर पेन्शन मंजूर करणारं कार्यालय कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ, काढतं (भूदलासाठी प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन), आणि नंतर बाकीचे कागद. स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर खातं असेल तर तिथेही विनंती नोंदवावी, पण पडताळणी रेकॉर्ड ऑफिसकडेच जाते. स्पर्शवर पहिल्यांदा लॉगिन केल्यावर माहितीची पडताळणी विचारली जाते. सायबर कॅफेतल्या मुलाने घाईत ‘बरोबर आहे’ दाबलं, तर चुकीच्या हुद्द्याला तुमचीच संमती नोंदली जाते. हुद्दा, ग्रुप, सेवेचा काळ या तीन ओळी डिस्चार्ज बुकाशी ताडून मगच पुढे जावं.

पुरावा म्हणून प्रतिज्ञापत्र

नावाच्या वा जन्मतारखेच्या बाबतीत प्रतिज्ञापत्राचा उपयोग होतो. हुद्दा मात्र शपथेवर सिद्ध होत नाही. त्याला लागते बढतीची पार्ट टू ऑर्डर (सेवेतल्या बदलांची अधिकृत लेखी नोंद), तिचा क्रमांक आणि तारीख. ती हाताशी नसेल तर बढतीनंतरची वेतनपत्रकं शोधावीत. तीही नसतील तर रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. ‘माझी सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहू नये. शीट रोलची (सैनिकाच्या सेवेच्या नोंदपटाची) आणि बढतीसंबंधी पार्ट टू ऑर्डरींची साक्षांकित प्रत, असं नेमकं मागावं. पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात, मग लाँग रोल या कायम जपलेल्या नोंदवहीतल्या नोंदीवर भिस्त ठेवावी लागते. म्हणून त्यांनी तर अजिबात थांबू नये.

मुख्य अर्ज एका पानाचा पुरे: आर्मी नंबर, नाव, युनिट, भरती आणि सेवामुक्तीच्या तारखा, पीपीओ क्रमांक, मग कोणत्या कागदावर काय छापलंय, काय हवं आणि कोणत्या पार्ट टू ऑर्डरनुसार. मूळ डिस्चार्ज बुक टपालाने पाठवू नये. छायाप्रती जोडाव्यात, अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. सैनिक हयात नसेल तर पत्नीने अर्ज करावा आणि मृत्यू प्रमाणपत्र व फॅमिली पेन्शनचा पीपीओ सोबत लावावा.

नुसती वाट पाहणं

लेखी नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढचे सहा महिने मिळतात. महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण पैसे परत येतीलच असं नाही: तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अशा उशिराच्या दाव्यांत थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती मर्यादित केली.

कॉरिजेंडम पीपीओ आला की हुद्द्याबरोबर तो कोणत्या तारखेपासून लागू आहे तेही वाचावं. हुद्दा सुधारला आणि तारीख चुकली तर थकबाकी कमी निघते. माजी सैनिक ओळखपत्र आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड यांवरचा बदल त्यानंतर, हाच पीपीओ दाखवून करून घ्यावा.