सिट-इनचे निकाल कसे वाचायचे (लॉच्या पोरांसाठी)

साताऱ्यात आमच्या अभ्यासिकेतल्या लॉच्या पोरांना प्रोजेक्टला अमेरिकेतले सिट-इनचे (गोऱ्यांसाठीच ठेवलेल्या जेवणाच्या काउंटरवर काळ्यांनी निषेध म्हणून बसून राहायचं, त्याचे) निकाल आलेत आणि सगळी एकाच जागी अडकतात, कोर्टानं वर्णभेद चूक म्हटलाय का तेच शोधत बसतात. तसं शोधू नका. बसलेल्या आंदोलकांना काउंटरवरनं उठवलं कुणी, दुकानदारानं का सरकारनं, हे आधी बघायचं, कारण अमेरिकेची 14 वी घटनादुरुस्ती (कायद्याचं समान संरक्षण देणारी) सरकारला बांधते, खाजगी माणसाला नाही, 1883 पासून तिथलं सुप्रीम कोर्ट हेच म्हणत आलं.

सुरुवात 1961 च्या गार्नर केसपासून करा, सोपी आहे, आंदोलक पोरं गप बसलेली, शांतताभंगाचा पुरावाच नाही म्हणून सुटली. मग 1963 चे पीटरसन आणि लोम्बार्ड हे निकाल शेजारी ठेवून वाचा, दोन्ही एकाच दिवशीचे. पीटरसनमध्ये ग्रीनव्हिलला क्रेस स्टोअरमध्ये मॅनेजरनं लाइट घालवून काउंटर बंद केला, पण गोऱ्या-काळ्यांना एकत्र जेवायला वाढू नका असा शहराचाच नियम होता, मग तो निर्णय एकट्या दुकानदाराचा कसा, शिक्षा रद्द. लोम्बार्डमध्ये न्यू ऑर्लिन्सला तसा नियम नव्हता पण महापौर न पोलीसप्रमुखांनी जाहीर सांगितलेलं की सिट-इन चालू देणार नाही, कोर्ट म्हणालं हे पण सरकारच.

आणि नियमही नाही, कुणी सांगितलंही नाही, दुकानदारानंच ठरवलं तर? हा खरा प्रश्न, आणि 1964 च्या बेल केसमध्ये कोर्टानं तो टाळला, मधल्या काळात मेरीलँडचा कायदा बदलला म्हणून केस परत पाठवली. मला हे अजून खुपतं. त्यातला शाळकरी रॉबर्ट बेल पुढं मेरीलँडच्या त्याच वरिष्ठ कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला ज्यानं त्याची शिक्षा कायम केलेली!

आपल्याकडचं चवदार तळ्याचं प्रकरण सोबत घ्याच, बाबासाहेब इथं साताऱ्यातच शाळेत जायला लागले त्यामुळं आपल्याला ते जवळचं. 1937 ला हायकोर्टात जिंकले ते पण बंदीची प्रथा अनादी काळापासूनची आहे हे विरुद्ध बाजूला सिद्ध करता आलं नाही म्हणून, म्हणजे तिथंही मुद्दा अरुंदच. नंतर आपल्या घटनेच्या कलम 15(2) नं दुकान, हॉटेल, विहीर थेट नाव घेऊन सगळ्यांना उघडी केली, दुकानदार खाजगी आहे का हा वादच ठेवला नाही.

वहीत प्रत्येक केसला तीन रकाने करा: उठवलं कुणी, कलम कुठलं, सुटका कुठल्या मुद्द्यावर. बेलच्या निकालात गोल्डबर्ग आणि ब्लॅक या दोन न्यायाधीशांची मतं पूर्ण वाचा, टाळलेल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं तिथंच आहेत.