बेळगावातून अमेरिकेच्या बेसबॉल प्लेऑफ कशा ऐकायच्या, कशा बघायच्या

भाचा टोरांटोला गेला आणि त्याच्या नादानं मलापण तिथल्या ब्लू जेज या बेसबॉल टीमचं याड लागलं. आता ऑक्टोबर आला, प्लेऑफ म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या मॅचेस सुरू झाल्या की शहापूर, वडगाव, खानापूरकडची ओळखीची पोरं विचारायलेत, मामा मॅच लावायची कशी, किती वाजता असते. म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

पहिलं वेळेचं. टायमिंग बहुतेक ठिकाणी ईस्टर्न टाइममध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत दिलेलं असतं, त्यात साडेनऊ तास मिळवायचे. तिथं रात्री ८ ची मॅच म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाच, आणि तारीख पुढची! २७ ची मॅच म्हणून २७ ला पहाटे उठून बसलात तर काही लागायचं नाही, ती २८ च्या पहाटे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं जातात, त्यानंतर मॅच उरलीच तर साडेदहा तास धरा. दुपारी ४ च्या मॅचेस आपल्याकडं रात्री दीडला येतात, त्या मी सोडतो, सकाळी हायलाइट्स बघतो.

एकूण १२ टीम. वाइल्ड कार्ड हा पहिला राउंड ३ मॅचचा, पुढचा राउंड ५ चा, मग दोन्ही लीगच्या आपापल्या फायनल आणि शेवटी त्यातल्या विजेत्यांची वर्ल्ड सिरीज, या ७-७ च्या. सातातल्या चार जिंकल्या की विषय संपला, त्यामुळं सातवी मॅच होईलच असं नसतं, शेड्यूलमध्ये 'गरज पडल्यास' लिहिलंय का बघूनच अलार्म लावा.

आता लावायचं कुठं. वर्ल्ड सिरीज अमेरिकेत फॉक्सवर असते पण ते तिथल्या लोकांसाठी, त्याच्या मागं लागू नका, सरळ एमएलबीचं, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचं ॲप टाका. त्यात गेमडे फुकट आहे, प्रत्येक बॉलला काय झालं ते लिहून येतं. ऑडिओचं सबस्क्रिप्शन वेगळं मिळतं आणि ते व्हिडिओपेक्षा बरंच स्वस्त. व्हिडिओ पाहिजे असेल तर एमएलबी टीव्ही, पण पैसे भरायच्या आधी भारतासाठी प्लेऑफ लाइव्ह धरल्यात का ते त्या पानावर नीट वाचा, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला आणि बाहेरच्याला नियम वेगळे असतात.

माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी फक्त ऑडिओ घ्या. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टीव्ही सगळा नॅशनल चॅनलकडं जातो, तिथल्या टीमचे स्वतःचे टीव्ही कॉमेंटेटर बाजूला होतात, पण त्यांचे रेडिओवाले मात्र शेवटपर्यंत असतात, आणि ती माणसं सीझनच्या १६२ मॅचेस त्या टीमसोबत काढून आलेली असतात हो, प्रत्येक खेळाडू त्यांना घरच्या पोरासारखा माहीत. आमच्या आजोबांनी क्रिकेट आकाशवाणीवरच ऐकलं, बाळ ज. पंडितांचा आवाज लागला की घरात कुणी भांड्याचापण आवाज करायचा नाही, मला ही कॉमेंट्री ऐकताना तेच आठवतं. वर्ल्ड सिरीज रेडिओवर आली १९२१ ला आणि टीव्हीवर १९४७ ला, म्हणजे मधली २६ वर्षं घरी बसलेल्या लोकांनी ती कानानंच बघितली की.

ॲपमध्ये मॅचवर गेलात की हेडफोनचं चिन्ह दिसतं, त्यात होम आणि अवे असे दोन रेडिओ. आपली टीम कुठली ते बघून निवडा. कधी कधी स्पॅनिशपण असतो, चुकून तो लागला तर घाबरू नका, बदलायचा. डेटा फार जात नाही, तासाला साधारण ५०-६० एमबी धरा, व्हिडिओला जीबीत जातो. पहाटे लाईट गेली की वायफाय बंद, पण मोबाईलवर ऑडिओ चालूच राहतो. फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा करून किचन कट्ट्यावर ठेवा, चहा उकळेपर्यंत आख्खं घर ऐकतं.

कान तयार व्हायला आठवडा लागतो. 'टू अँड वन' म्हणजे २ बॉल, १ स्ट्राइक, बॉल नेहमी आधी सांगतात. इथं 'बॉल' म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर टाकलेला आणि बॅटरनं सोडलेला, 'स्ट्राइक' म्हणजे हुकलेला किंवा जागेत असून सोडलेला वगैरे. ४ बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर (बेस म्हणजे पळताना गाठायचे मैदानातले थांबे), ३ स्ट्राइक झाले की आऊट. बेस रिकामे असतील तर पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, टाकायला १५ सेकंद, कुणी बेसवर असेल तर १८, त्यामुळं कॉमेंट्रीला एक ठेका असतो. आणि एक गोष्ट मुद्दाम ऐका, आधी बॅटचा 'टॉक' येतो, मग पब्लिक ओरडतं, आणि मग कॉमेंटेटर बोलतो. थोड्या दिवसांनी त्या ओरडण्यावरनंच कळतं बॉल कुठं गेला.

पुढं टीव्हीवर चित्र आणि फोनवर रेडिओ असं करायचं असेल तर दोन्ही एका वेळेला येत नाहीत. जे पुढं असेल ते पॉज करून थांबायचं आणि पिचरचा हात सुटतो तेव्हा प्ले करायचं, दोन-तीनदा करून जमतं. स्कोअरच्या नोटिफिकेशन आधी बंद करा, नाहीतर होम रन (आपल्या सिक्सरसारखा फटका) दिसायच्या आधी फोन वाजतो.

चार्जर जवळ ठेवा, हे मी अनुभवानं सांगतोय. मॅच ९ इनिंगची असते, बरोबरी झाली तर जादा इनिंग; साध्या सीझनमध्ये जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आयता रनर देतात, प्लेऑफमध्ये देत नाहीत, म्हणून मॅच कितीपण लांबू शकते. २०२५ च्या ब्लू जेज आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्समधल्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच १८ इनिंग चालली, ६ तास ३९ मिनिटं. पहाटे कट्ट्यावर सुरू केलेली, मग स्कूटरवर एका कानात, मग दुकानात वह्या बांधताना, आणि १२ वाजून गेल्यावर फोन ४ टक्क्यांवर असताना फ्रेडी फ्रीमननं होम रन मारून डॉजर्सना जिंकवलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हटलं एक मिनिट थांबा हो. त्याच सिरीजच्या सातव्या मॅचला ब्लू जेज ११ व्या इनिंगमध्ये ५-४ नं हरले तेव्हा भाच्याला फोन लावला, दोघंपण बराच वेळ काही बोललो नाही.